आधी कळ बंद करा

१४ फेब्रुवारी, शेळगाव

भीमा आज सकाळी आला आणि चपलांसकट ओट्यावर मांडी घालून बसला. म्हणाला, “सावळाराम सर, औंदा यात्रेच्या कुस्त्यांना पंच तुमीच. तीन वर्सं लई नखरं झालं. न्हाय म्हणलात तर हितंच उपोषणाला बसतो.”

भीमा उपोषणाला बसला तर तासाभरात चहा आणि दुपारी जेवण मागेल, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. पण मी लगेच हो म्हटलं. इतक्या लगेच, की तोच जरा चपापला.

तीन वर्षं मी गुडघ्याचं कारण सांगत होतो. माझे गुडघे ठणठणीत आहेत. खरं कारण असं की प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, जीव वाचला आणि लघवीवरचा ताबा गेला. खोकलो की गळायची, शिंकलो की गळायची, नुसता खुर्चीतून उठलो तरी गळायची. ज्याने शाळेतली उभी नोकरी पोरांना ‘ताठ उभा राहा’ म्हणून ओरडण्यात घालवली, तो मी लंगोटात पॅड घालून लोकांच्या लग्नात दाराजवळची खुर्ची शोधत फिरलो. वास येतोय का, एवढंच डोक्यात. पांढरी पँट घालून भरल्या आखाड्यात उभं राहायची गोष्टच सोडा.

मागच्या सप्टेंबरात पुण्यात एक यंत्र बसवून घेतलं. दिवाळीनंतर ते चालू केलं आणि तेव्हापासून मी कोरडा आहे. यात्रा एप्रिलच्या शेवटी. भीमा गेल्यावर ट्रंकेतून पांढरी पँट काढून घालून बघितली. कमरेला सैल झाली आहे. संजीवनी टाचण्या तोंडात धरून दोन चुण्या घालत बसली आणि मी आरशासमोर शिट्टी फुंकून पाहिली. शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

१५ फेब्रुवारी

या यंत्राबद्दल एकदा लिहून टाकावं, कारण बोलायची सोय नाही.

लघवीच्या वाटेभोवती पाण्याने भरलेलं एक कडं बसवलंय. ते वाट आवळून धरतं. खाली, अंडाच्या पिशवीत, एक छोटा फुगा आहे. लघवीला गेलं की तो चिमटीत दाबायचा. कड्यातलं पाणी पोटातल्या पिशवीत जातं, वाट मोकळी होते. थोड्या वेळाने पाणी आपोआप परत येतं आणि कडं पुन्हा आवळतं. फुग्याच्या वरच्या अंगाला एक बारीक बटण आहे. ते दाबून ठेवलं की यंत्रच बंद, कडं उघडं ते उघडंच.

पुण्याच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलंय, “सर, कुठल्याही दवाखान्यात, कुठल्याही कारणाने लघवीची नळी घालायची वेळ आली, तर आधी हे बटण दाबून यंत्र बंद करायचं. आवळलेल्या कड्यातून नळी रेटली तर आतली वाट चिरडते. मग सगळं काढावं लागेल.” तसं लिहिलेलं लॉकेट गळ्यात घाला म्हणाले. मी म्हटलं, बिल्ला अडकवायला मी काय विम्याची म्हैस आहे? ते हसले नाहीत.

घरात बटण म्हणायची सोय नाही. कसलं बटण, म्हणून चारजण विचारणार. म्हणून संजीवनीने त्याचं नाव ठेवलं कळ. “कळ बरी हाय न्हवं?” असं ती पाहुण्यांच्या देखत बिनधास्त विचारते आणि पाहुण्यांना वाटतं म्हाताऱ्याचं पोट दुखतंय. बाई हुशार आहे. आमच्या अविराजला आम्ही हर्नियाचं ऑपरेशन झालं असं सांगितलंय. बापाचं असलं काही पोराने ऐकू नये, या मताचा मी आहे.

२ मार्च

अविराजबरोबर जळोचीला त्याच्या घरी जाऊन आलो. तो बारामतीत ठिबकचं सामान विकतो, धंदा चांगला आहे, सूनबाई माधवी गुणाची आहे. तक्रार एकच. शेळगाव ते जळोची म्हणजे काही काशीयात्रा नाही, तरी हा पठ्ठ्या वाटेत तीन ठिकाणी थांबतो. “आबा, च्या घ्यायचा का?” आणि चहा झाला की, “मला जरा जाऊन यायचंय, तुमीबी या.” गेली दोनतीन वर्षं हेच चाललंय. बरं, थांबतो तिथे नेमकी स्वच्छ मुतारी असते, एवढं मात्र बरं.

या वयात ही गत! आता मला थांबायची गरज नाही, पण याला दम निघत नाही. शिवाय गाडीच्या सीटला रेक्झिनचं कव्हर घातलंय, उन्हात बूड भाजतं. कापडी चांगलं होतं. संजीवनीला म्हटलं, पोराची साखर तपासून घ्यायला सांग. ती पाठ फिरवून भाकरी थापत राहिली.

१९ मार्च, इंदापूर

सांगवीच्या बारशातलं श्रीखंड बाधलं. मला आणि संजीवनीला दोघांनाही. ती घरीच पडून आहे, तिला त्रास कमी झाला. माझी मात्र काल सकाळी उलट्या-जुलाबांनी शुद्ध हरपायची वेळ आली. अविराज गावी आला होता म्हणून निभावलं. त्याने उचलून गाडीत घातलं आणि इथल्या एका दवाखान्यात आणलं.

ब्लडप्रेशर पार तळाला. सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, लघवी किती होते ते बघायला हवं, नळी घाला. तेवढ्या गुंगीतही मी खाडकन जागा झालो. नळी घालायला सुप्रिया नावाची सिस्टर आली, नातीच्या वयाची. आणि उशाशी अविराज उभा. त्याला बाहेर जा म्हणायचं होतं. जीभ वळेना, आणि तो हलेना. शेवटी मी सिस्टरला म्हटलं, “आधी कळ बंद करा. मग नळी.”

ती म्हणाली, “व्हय आबा, लगेच करते कळ बंद.”

“विसरू नका. आधी कळ.”

“आवो करतेच की. लई येतीय का?”

काय येतीय ते मला समजलं नाही. तिने अविराजला खाली औषधाच्या दुकानात पिटाळलं, म्हणजे हिला सगळं समजलं, असं वाटून मला हायसं झालं. पण तो लगेच परत आला. तिने माझ्या दंडात सुई टोचली. जरा वेळाने विचारलं, “झाली न्हवं बंद?” मला ग्लानी आली होती, पोटही निवल्यासारखं वाटत होतं. मी मान हलवली.

नळी आत अडली. “अंग सैल सोडा आबा,” म्हणत तिने पुन्हा घातली, मग दुसरा कोणीतरी आला आणि त्याने रेटली. तेव्हा काय झालं ते लिहवत नाही. मी अविराजचा हात धरून ओरडलो, असं तो म्हणतो. मला आठवत नाही. आठवत नाही तेच बरं.

२३ मार्च, शेळगाव

घरी आलो. नळी काढताना थोडं रक्त आलं. होतं असं, म्हणाले.

संजीवनीने दारातच विचारलं, “नळी घालताना कळ बंद केली हुती का त्येंनी?” मी म्हटलं, हो, मी स्वतः सांगितलं होतं. तिने सुस्कारा सोडला आणि माझ्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला.

पण मनात पाल चुकचुकते. कळ बंद केली होती तर परत चालू कोणी केली? आल्यापासून फुगा नीट चालतोय. आणि दंडात सुई टोचून खालची कळ बंद होते कशी? निघाली असेल एखादी नवी पद्धत. पुण्याला फोन करून विचारता येईल. पण फोन केला की ते बोलावणार, तपासणार, महिनाभर झोपून राहा म्हणणार. यात्रेला महिनाच राहिला आहे.

८ एप्रिल

उन्हाळी लागली आहे. लघवीला अशी आग होते की भिंतीला हात टेकून उभं राहावं लागतं. या दिवसांत कोणाला लागत नाही? दिवसभर रानात भेंडीच्या तोडणीवर उभा होतो, पाणी कमी प्यायलो, दुसरं काय. संजीवनीने सब्जा भिजत घातला, धने-जिऱ्याचं पाणी गाळून ठेवलं. दोन दिवसांत उतरेल.

खोकताना दोन थेंब गेले. आजारपणाची अशक्ती आहे.

१५ एप्रिल

उतरली नाही. वाळ्याचं पाणीही झालं.

पुण्याच्या दवाखान्यातून एका मुलीचा चौकशीचा फोन आला. सगळं उत्तम आहे म्हटलं. आग होते का? म्हटलं, बाई, आमच्याकडे एप्रिलात ढेकळांचीसुद्धा आग होते. ती म्हणाली, डॉक्टर दर महिन्याला बारामतीत येतात, या शनिवारी आहेत, दाखवून जा. मी म्हटलं, लग्न आहे. लग्न खरंच आहे. कोणाचं ते तिने विचारलं नाही.

फोन ठेवल्यावर पाच मिनिटं हातात धरूनच बसलो. परत लावावा असं वाटलं. मग भीमा कुस्त्यांचं पत्रक घेऊन आला. त्यावर माझं नाव फोटोसकट छापलंय. फोटो जुना आहे, मिशा काळ्या आहेत.

२० एप्रिल

माळ्यावरून पॅडचा जुना पुडा काढला.

फुग्यावरची कातडी लाल झाली आहे, सुजली आहे, धोतराचा काठ लागला तरी जीव जातो. दिवस कलला की अंग तापतं. दुर्वांचा रस घेतोय. ही उन्हाळी नाही, हे मला आता समजतं. समजत नाही असं इथे लिहिणं म्हणजे स्वतःच्याच वहीत चोरी करणं झालं. मला भीती वाटते. पण चार दिवस. फक्त चार दिवस मला पांढऱ्या पँटीत उभा राहू दे, मग काय करायचं ते कर, असं सकाळी देवासमोर बोललो. देव काही पंच नाही, पण निकाल त्याच्याच हातात आहे.

संजीवनीने कपाळाला हात लावून पाहिला, मी झिडकारला.  मग ती परड्यात जाऊन फोनवर बराच वेळ कोणाशी तरी हळू आवाजात बोलत होती. माहेरी असेल.

२५ एप्रिल, पुणे

दवाखान्यात आहे. हाताला सुई आहे, अक्षर वाकडं येतंय, पण राग लिहून काढल्याशिवाय चैन पडायचं नाही.

काल कुस्त्या झाल्या. सकाळपासून ताप होता. गोळी घेतली, पॅडवर पॅड लावलं, वरून लंगोट आवळला आणि पांढरी पँट चढवली. आखाड्याच्या मातीत पाय ठेवला, हलगी कडाडली आणि खरं सांगतो, तीन वर्षांची सगळी लाज धुऊन निघाली. जुने विद्यार्थी पाया पडत होते. भीमा माइकवरून माझं असं कौतुक करत होता की ऐकणाऱ्याला वाटावं मी मेलोय.

शेवटची कुस्ती मानाची. सांगवीचा शिवम आणि मोहोळकडचा एक दांडगा पैलवान. शिवमने पट काढला, वर चढला, खालच्याचा एक खांदा मातीला लागला. दुसरा टेकतो का ते बघायला मी गुडघ्यावर बसून वाकलो. त्याच क्षणी आत काहीतरी उसवल्यासारखी आग झाली आणि मांडीवरून गरम ओघळ गेला. घाम असणार. ऊनच तसं होतं.

आणि नेमके तेव्हाच आमचे चिरंजीव दोर ओलांडून आखाड्यात घुसले! हातात शाल. चालू कुस्तीत! भीमा माइकवर ओरडला, “थांबा, थांबा! जोड सोडवा! सरांचा सत्कार हाय!” लोक हसायला लागले. चालू कुस्तीत पंचाचा सत्कार मी जन्मात पाहिला नाही. बरं, सत्कार करायचाच तर शाल खांद्यावर घालतात, एवढंही या गाढवाला माहीत नसावं? त्याने ती माझ्या कमरेला गुंडाळली, पुढून मागून, चांगली घट्ट. वर भीमाने येऊन दोन मुठी गुलाल माझ्या पायांवर टाकला. कपाळ सोडून पायांवर! मी ओरडलो, “आरं, अक्कल हाय का तुमाला?”

अविराज कानाशी म्हणाला, “आबा, जोड लावा परत, निकाल द्या, आन् मग माज्याबरं चला. पाया पडतो.” त्याचे डोळे लाल झाले होते. गुलाल गेला असेल.

तशा अवतारात मी कुस्ती परत लावली. शिवमने घिस्सा मारून चितपट केली आणि मी त्याचा हात वर केला. निकाल बरोबर होता, हे मी कुठेही शपथेवर सांगेन. त्यानंतरचं फारसं आठवत नाही. गाडी कुठेही न थांबता पुण्यात आली.

२८ एप्रिल, पुणे

यंत्र काढलं. सगळं. कड्याने लघवीची वाट कुरतडून आत तोंड काढलं होतं, फुग्याभोवती पू झाला होता. आणखी थोडे दिवस काढले असते तर माणूसच हाती लागला नसता, असं डॉक्टर म्हणाले. ते रागावले नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

त्यांनी विचारलं, “इंदापुरात नळी घालताना यंत्र बंद केलं होतं का?”

“मी स्वतः सांगितलं होतं. आधी कळ बंद करा म्हणून.”

“काय बंद करा?”

“कळ.”

डॉक्टरांनी हातातली फाइल मिटली. मग हळू म्हणाले, “सर, तुम्हाला जुलाब होत होते. पोटात मुरडा पडत होता. आणि तुम्ही नर्सला म्हणालात, कळ बंद करा.”

अविराज कोपऱ्यात उभा होता. तो म्हणाला, “तिनं पोटातली कळ थांबायचं इंजेक्शन दिलं, डॉक्टर. मीच खालनं आणून दिलं. मला वाटलं...” आणि तो बाहेर निघून गेला.

मी भिंतीकडे तोंड केलं. त्या पोरीची काही चूक नाही. मी मराठी बोललो, तिने मराठी ऐकली. आम्ही नवराबायकोने असा शब्द शोधला होता की कोणाला काही समजू नये, आणि कोणालाच समजलं नाही. ‘लघवीचं यंत्र आहे, ते बंद करा’ एवढं साधं वाक्य. पोराच्या देखत माझ्या तोंडून निघालं नाही. निघालं असतं तर त्याने त्या खोलीत कोणाला नळीला हात लावू दिला नसता.

संध्याकाळी संजीवनी उशाशी बसून म्हणाली, “पांढरी पँट म्या जाळली.”

“का? चांगली होती.”

“रगात हुतं. मागनं पार गुडघ्यापतोर. समद्या आखाड्यानं बघितलं असतं.”

मग मी मागचं पान काढून शालीचं जे लिहिलंय ते वाचलं. खोडणार नाही. गाढव कोण ते माझ्याच अक्षरात राहू दे.

१८ मे, शेळगाव

जखम भरावी म्हणून ठेवलेली नळी काढली. पुन्हा पॅड. आता तर पहिल्यापेक्षा जास्त गळतं, झोपेतसुद्धा. भीमा येऊन बसतो, पावसाचं बोलतो, उसाचं बोलतो, कुस्त्यांचं बोलत नाही. मी त्याला म्हटलं, “गुलाल पायांवर टाकायची कल्पना कोणाची?” तो म्हणाला, “कसला गुलाल?” आणि माझ्याच चहाचा कप उचलून पिऊन टाकला.

४ ऑक्टोबर, बारामती

डॉक्टर दर महिन्याला इथे येतात, त्यांना दाखवायला गेलो होतो. आतली वाट छान भरली आहे. दुसरं यंत्र बसवता येईल म्हणाले. मला नाचावंसं वाटलं.

मग ते म्हणाले, “पण या वेळी माझी एक अट आहे. तुम्ही शुद्धीत नसाल, बोलू शकत नसाल, तेव्हा ते बंद करता येणारा घरातला एक माणूस पाहिजे. तोंडी माहिती असून चालणार नाही. हाताने करून दाखवलं पाहिजे, तुमच्या अंगावर. त्याशिवाय मी बसवणार नाही.”

मी संजीवनीकडे पाहिलं. डॉक्टरांनी टेबलावरचा नमुन्याचा फुगा तिच्या हातात दिला. तिने पुष्कळ जोर लावला, बटण दबलं नाही. तिची बोटं संधिवाताने वाकडी झाली आहेत, ते मला रोजच्या भाकरीत दिसतच होतं. “माज्या हातनं न्हाय व्हायचं,” ती म्हणाली. “अविराज हाय की.”

मी म्हटलं, मग नकोच यंत्र.

१२ ऑक्टोबर

नकोच. पोराने बापाच्या त्या जागेला हात लावायचा? आमच्या सात पिढ्यांत हे झालं नाही. दसऱ्याला भीमाकडे जेवायला बोलावलं होतं, गेलो नाही. गुडघा दुखतो म्हणून निरोप पाठवला.

संजीवनीला म्हटलं, तूच सांग अविराजला. ती म्हणाली, “एकदा म्या शब्द काडला, त्येचं काय झालं बगितलं न्हवं? आता तुमीच तुमच्या तोंडानं सांगा. सरळ.” आणि तीन दिवस ती माझ्याशी कामापुरतीच बोलते आहे.

२६ ऑक्टोबर, जळोची

सकाळी एसटीने एकटाच आलो. दोन पॅड लावले होते, तरी उतरताना पँट ओली होती. अविराज अंगणात ठिबकच्या नळ्यांची वेटोळी उलगडत बसला होता. माधवी पाणी ठेवून आत गेली आणि तिने दार लोटून घेतलं.

मी वाटेत पुष्कळ वाक्यं जुळवली होती, एकही आठवलं नाही. उभ्या उभ्याच म्हटलं, “अविराज, मला लघवी आवरत नाही. ऑपरेशन झाल्यापासून. आत्तासुद्धा गळतेय.”

तो वर न बघता म्हणाला, “व्हय आबा.”

“ते आवरायला यंत्र बसवतात. मागचं हर्नियाचं नव्हतं, तेच होतं, हे तू पुण्यात ऐकलंसच. ते बंद करायला माझ्या खाली हात घालून बटण दाबावं लागतं. तुझ्या आईला जमत नाही. डॉक्टर म्हणतात, घरातल्या कोणाला तरी आलं पाहिजे.”

नळीचं वेटोळं त्याच्या हातात तसंच राहिलं. मला वाटलं आता हा उठून जातो. तो म्हणाला, “कदी जायचं?”

एवढंच. मग माधवीने पोहे केले. मी खुर्चीवर बसायला बिचकत होतो, तर अविराजने नळ्यांवरचं प्लास्टिक काढून खुर्चीवर टाकलं आणि म्हणाला, “बसा.” मी बसलो. पोहे तिखट होते.

२० नोव्हेंबर, पुणे

बसवलं. जखम भरेपर्यंत सहा आठवडे बंदच ठेवायचं आहे. दुखतंय पुष्कळ. लॉकेट करून आणलंय अविराजने. मी घातलं. म्हैस तर म्हैस.

६ जानेवारी, बारामती

आज यंत्र चालू केलं. डॉक्टर म्हणाले, “छान. आता अविराज बंद करून दाखवतील, मग तुम्ही घरी जायचं.”

मी टेबलावर आडवा. संजीवनी पडद्याबाहेर. अविराजने हात धुतले आणि हातमोजे मागितले. डॉक्टर म्हणाले, “ऐन वेळी हातमोजे मिळतीलच असं नाही. असंच करा.” मी छताच्या पंख्याकडे बघत होतो. हिवाळ्यात पंखा बंद असतो, त्यामुळे बघण्यासारखं काही नव्हतं.

त्याची बोटं गार होती. फुगा सापडला, दाबला, सोडला, थोडा भरू दिला. बटण काही सापडेना. त्याच्या कपाळावर घाम आला होता. “आबा, दुखलं तर सांगा.”

“दुखणारच. वरच्या अंगाला हाय. जोरात दाब, मेंगळटासारखा काय करतोस,” मी ओरडलो, अगदी मैदानावर ओरडायचो तसा.

त्याने दाबलं. आत काहीतरी टक्‌ झाल्यासारखं मला जाणवलं.

डॉक्टर म्हणाले, “बंद झालं की नाही ते आता समजेल. खोका सर.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. यंत्र बंद म्हणजे कडं उघडं; खोकलो तर काय होणार ते मला माहीत होतं, त्यांनाही. अविराजचा हात अजून तिथेच होता. मी म्हटलं, “हात काढ तुजा.” त्याने काढला नाही. मी दात आवळून बारीकसा खोकलो, आणि गरम लघवी त्याच्या बोटांवरून, मनगटावरून, शर्टाच्या बाहीत गेली. ज्या गोष्टीपासून मी चार वर्षं पळत होतो ती भर दिवसा, त्याच्याच हातावर झाली. मी डोळे मिटणार तेवढ्यात तो डॉक्टरांकडे वळून केवढ्याने तरी ओरडला, “झालं की वो डॉक्टर! बंद झालं! बरुबर न्हवं?”

“शंभर टक्के बरोबर,” डॉक्टर म्हणाले.

“आये, जमलं गं!” त्याने पडद्यापलीकडे हाक दिली. ओला हात तसाच वर धरलेला, कोपरापर्यंत ओघळ, आणि तोंडभर हसू. पडद्याबाहेरून संजीवनीचा नाक ओढल्याचा आवाज आला.

मी आपणहून आणखी एकदा खोकलो.